संपाने गिरण्या बुडाल्या म्हणणाऱ्यांना जमिनीचा भाव विचारा

प्रश्न असा आला आहे: "माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरात लहानपणापासून एकच ऐकतोय, डॉ. दत्ता सामंतांनी संप केला आणि गिरणगावाचं वाटोळं झालं. मी आता एका कंपनीत एचआरला आहे. नव्या कामगार संहिता लागू झाल्यापासून ऑफिसात सगळे म्हणतात, डाव्यांच्या युनियनबाजीने मुंबईतला उद्योग गेला, आता तसं होणार नाही. तुम्ही इतकी वर्षं कामगारांच्या केसेस चालवता. खरं काय आहे?"

आधीच सांगून टाकतो, मी तटस्थ नाही. १९८१ पासून लेबर कोर्टात कामगारांच्या बाजूने उभा राहतोय, मालकाचं वकीलपत्र एकदाही घेतलेलं नाही. माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या. पण एका बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही तारखा बदलता येत नाहीत, म्हणून तारखांपासूनच सुरू करू.

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. साठेक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. त्याच आठवड्यात अंतुले मुख्यमंत्रिपदावरून जात होते आणि बाबासाहेब भोसले यायचे होते, म्हणजे मंत्रालयात धड कोणी ऐकायलाही नव्हतं. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत. आता तुमच्या ऑफिसातल्या मंडळींना एक साधी गोष्ट विचारा: सामंत डावे कधी होते? घाटकोपरचे डॉक्टर, काँग्रेसच्या वर्तुळातून आलेले, लाल बावट्याशी त्यांचं कधी जमलं नाही. कम्युनिस्टांनी संपाला पाठिंबा दिला हे खरं, पण दोर त्यांच्या हातात नव्हता. गिरणगाव त्यांच्या हातून बारा वर्षं आधीच निसटलं होतं. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. विधानसभेत शिवसेनेचा तो पहिला आमदार. कामगारांच्या वस्तीत युनियनची शाखा आणि पक्षाची शाखा यांच्यात दुसरी जिंकली ती तेव्हा. त्यात गिरणीमालकांना आणि काँग्रेसलाही फारसं वाईट वाटलं नाही, एवढंच सौम्य शब्दांत म्हणतो.

मग १९८२ ला गिरण्यांमध्ये कायदेशीर मान्यता असलेली युनियन कोणाची होती? राष्ट्रीय मिल मजदूर संघाची, म्हणजे काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेची. डाव्यांची नाही, सामंतांचीही नाही. आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण संपाचा गाभा हा आहे आणि तोच कोणी सांगत नाही. सगळे पगारवाढीचं सांगतात.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. कोर्टात आम्ही त्याला नुसतं बीआयआर म्हणतो. या कायद्यात एका स्थानिक क्षेत्रातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. बृहन्मुंबई हे सगळं मिळून एक क्षेत्र आणि कापड गिरण्या हा एक उद्योग. म्हणजे एखाद्या गिरणीतले शंभर टक्के कामगार दुसऱ्या युनियनमध्ये गेले तरी उपयोग शून्य, कारण मोजणी सगळ्या मुंबईची. प्रातिनिधिक ठरायला पंचवीस टक्के सभासद पुरत. ते सभासद मोजायचे वर्गणीच्या रजिस्टरवरून, गुप्त मतदानाने नाही. एकदा शिक्का बसला की त्या युनियनने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक, तिचे सभासद असा की नसा. ती जिथे हजर राहील तिथे दुसऱ्या कोणाला कामगारांच्या वतीने बोलायला उभं राहता येत नाही. तिच्याशिवाय पुकारलेला संप जवळजवळ आपोआपच बेकायदेशीर ठरे.

हे वाचताना कायद्याचं कलम वाटतं. मी ते माणसाच्या तोंडावर पाहिलंय. सीनियरच्या हाताखाली मी नवा होतो, फायली वाहायचो. विणखात्यातला एक साचेवाला, पंचवीस वर्षं नोकरी, बदललेल्या कामाच्या बोज्याबद्दल तक्रार घेऊन आला होता. सुनावणीला दुसऱ्या बाजूने मान्यताप्राप्त युनियनचा प्रतिनिधी उठला, म्हणाला आम्ही हजर आहोत, या गृहस्थांना बोलण्याचा अधिकार नाही. न्यायाधीशांनी कायदा पाहिला आणि मान हलवली. प्रतिनिधीने आणि मालकाच्या वकिलाने मिळून पुढची तारीख घेतली. बाहेर व्हरांड्यात तो माणूस सीनियरना म्हणाला, "साहेब, माझ्या केसमध्ये मी कुठाय?" सीनियरनी पानाची डबी काढली आणि काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

आता १९८१ ची दिवाळी बघा. बोनसवर तडजोड झाली ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाने केली. कामगारांना ती पटली नाही. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार गेटवरून उठून थेट घाटकोपरला सामंतांकडे गेले. सामंतांची ख्याती इंजिनिअरिंग कारखान्यांत मोठे पगारवाढीचे करार करून देणारा माणूस अशी होती. गिरण्यांच्या भानगडीत पडायला ते सुरुवातीला तयार नव्हते, कामगारांनी त्यांना ओढून आणलं. हा तपशील महत्त्वाचा आहे. नेत्याने भोळ्या कामगारांना भरकटवलं ही कथा इथेच लंगडी पडते. ज्याला पस्तीस वर्षं आपली युनियन निवडायची मुभा नाही, तो जो कोणी भांडेल त्याच्या दारात जाणारच.

मागण्यांमध्ये पगार होता, घरभाडं होतं, रजा होत्या. पण दोन मागण्या मला मुळातल्या वाटतात: बीआयआर रद्द करा आणि बदली कामगारांना कायम करा.

बदली म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी लावायचा माणूस. पाळी सुटायच्या आधी, पहाटे भोंग्याच्या वेळेला बदलीवाले गेटवर जमायचे. हातात बदली पास. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, किंवा हजेरी घेणारा कारकून बोटाने निवडायचा, तू, तू आणि तू. बाकीचे घरी. घरी म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे गावाकडचे पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. तिथे पहिल्या पाळीवाल्याची वळकटी उचलल्याशिवाय रातपाळीवाल्याला पाठ टेकता यायची नाही. खानावळीच्या बाईकडे मात्र महिन्याचा पूर्ण हिशेब व्हायचा, काम बारा दिवस मिळालेलं असो की पंचवीस. अशी दहा-दहा वर्षं बदलीत काढलेली माणसं मी पाहिली आहेत. संपात सगळ्यात घट्ट राहिले ते हेच, आणि संपल्यावर पहिले बाहेर फेकले गेले तेही हेच.

सरकार का हललं नाही, याचं उत्तर पैशात शोधू नका. थोडीफार पगारवाढ द्यायला दिल्लीची तयारी होती असं तेव्हाही बोललं जायचं. सामंतांशी बोलणी करणं म्हणजे संघाची मान्यता मोडणं. ती मोडली की उद्या बंदरातले कामगार, परवा दुसरे कोणी. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, त्यांची संघटना मोडून काढली, रस्त्यावर लष्कर आलं, आणि त्या दंग्यात गिरणी कामगारही उतरले. पोलीस कोण होते? त्याच सातारा-रत्नागिरीचे, त्याच चाळींतले. गणवेशातला भाऊ आणि साच्यावरचा भाऊ एकत्र आले तर काय, ही धास्ती दिल्लीने घेतली. त्यानंतर संप फोडणं एवढंच धोरण उरलं.

संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरला. लोक गावाला गेले, शेत विकलं, बायकोचं डोरलं विकलं, काही परत आले आणि नव्याने भरतीच्या कागदावर सही करून आत गेले. लाखाच्या वर माणसं कायमची बाहेर राहिली. १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेस सगळीकडे जिंकत असताना दक्षिण मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेत पाठवलं. हरलेल्या संपाच्या नेत्याला मतदार शिक्षा करतात, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल समजावून सांगावा. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला.

आता मूळ आरोप. संप झाला, म्हणून गिरण्या बुडाल्या. तपासायची सोपी रीत अशी, की जिथे संप झाला नाही तिथे काय झालं ते पाहायचं. अहमदाबाद घ्या. तिथे गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या परंपरेतली मजूर महाजन ही युनियन, १९२० सालची. लवाद, सामोपचार, मालक-मजूर एक कुटुंब. दत्ता सामंत नाहीत, लाल बावटा नावापुरता. तिथल्या गिरण्या ऐंशीच्या दशकात एकामागून एक बंद पडल्या आणि कामगार रस्त्यावर आले, काही तर आपली देणी मागत मेले. नागपूरची एम्प्रेस मिल टाटांनी १८७७ ला सुरू केलेली, देशातली एक नावाजलेली गिरणी. तीही गेली, आज त्या जागेवर मॉल आहे. सोलापूरची जुनी गिरण तर साठच्या दशकातच बंद पडली, तेव्हा सामंत राजकारणातही नव्हते. संप हे कारण असेल तर या सगळ्यांचं कारण काय?

कारण कंटाळवाणं आहे, म्हणून लोकांना आवडत नाही. सूत काढण्यापासून कापड रंगवण्यापर्यंत सगळं एका छपराखाली करणारी गिरणी महाग पडू लागली होती. यंत्रमागाला अबकारीत सवलत, छोट्या शेडला फॅक्टरी कायदा लागत नाही, युनियन नाही, मागावर बारा-बारा तास. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. संपाच्या आधीच हातमाग आणि यंत्रमाग मिळून गिरण्यांना मागे टाकत होते. गिरणीवाल्यांनाही ते सोयीचंच होतं: भिवंडीला विणून घ्यायचं, आपल्या छापखात्यात आणून शिक्का मारायचा. यंत्रं काही ठिकाणी आजोबांच्या आजोबांच्या वेळची. मागच्या युद्धांमध्ये कमावलेला नफा यंत्रांत न घालता दुसऱ्या धंद्यात वळवला गेला होता. शिवाय संप सुरू झाला तेव्हा गोदामांत न विकलेला माल पडून होता. पहिले काही महिने तर मालकांना संप हा फुकटातला लेऑफ होता.

संपाने काहीच नुकसान केलं नाही, असं मी म्हणणार नाही. जे वीस वर्षांत झालं असतं ते संपाने दोन वर्षांत केलं, आणि ते होत असताना भाव करायची कामगारांची ताकद त्यात संपली. सामंतांची चूक माझ्या मते संप करण्यात नव्हती. लढा निधी नाही, मागे यायची वाट नाही, मध्ये थांबून काही पदरात पाडून घ्यायची तयारी नाही. कारखान्याच्या मालकाला महिनाभरात वाकवायची सवय झालेल्या माणसाला हे कळलं नाही, की इथे मालकाला गिरणी चालवायचीच नाहीये. ज्याला दुकान बंदच करायचंय त्याला शटर खाली ओढायची धमकी काय देणार?

का चालवायची नव्हती, तर जमीन.

मुंबईत ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली साधारण ६०० एकर जमीन. परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवी, भायखळा. यातली बरीच जमीन इंग्रजांच्या काळात उद्योगासाठी म्हणून नाममात्र भाड्याने किंवा कवडीमोलाने दिलेली. १८५६ ला ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांची पहिली गिरणी सुरू झाली तेव्हा ही गावाबाहेरची जागा होती. १९८० नंतर ती शहराच्या बरोब्बर मध्यावर आली. कापडाच्या तागात मिळणारे पैसे आणि जमिनीच्या चौरस फुटाला मिळणारे पैसे यांची तुलना करायला एमबीए लागत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. न्याय्य वाटणी होती, म्हणूनच मालकांनी वर्षानुवर्षं जमिनीला हात लावला नाही. गिरणी आजारी, म्हणजे तोट्यातली, दाखवत बसले. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला. तीन वाटे कायम, पण वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. जिच्यावर शेड, चिमणी, गोदाम उभं आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. आता तुम्हीच सांगा, गिरणीत मोकळी जमीन किती असते? मागचं अंगण. एका शब्दाच्या फेरफाराने शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची बहुतेक जमीन मालकाच्या वाट्यात गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अडवलं. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

माझ्या आयुष्यात कामगारांनी केलेल्या सगळ्या संपांनी मिळून मालकांचं जेवढं नुकसान केलं असेल, त्याहून मोठी रक्कम या एका दुरुस्तीने इकडून तिकडे गेली. तिच्यासाठी कोणी रस्त्यावर आलं नाही, दगड पडला नाही, बस जळली नाही. त्यामुळे तिला कोणी मुंबई बुडवणारी दुरुस्ती म्हणत नाही.

आणि ही जमीन खासगी मालकांचीच होती असंही नाही. ५८ पैकी २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. २००५ मध्ये त्यातल्या पाच विकल्या: मुंबई टेक्स्टाईल, कोहिनूर, ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो. मिळून सुमारे २,०२० कोटी. एकट्या मुंबई टेक्स्टाईलचे ७०२ कोटी, जागा साधारण १७ एकर. जी गिरणी कामगाराला महागाई भत्ता द्यायला आजारी होती तिचा एक एकर चाळीस कोटींना गेला.

एल्फिन्स्टन स्टेशनचा पूल आठवतोय? आता प्रभादेवी म्हणतात. तो भाग पूर्वी पाळीच्या वेळेला भरायचा, एरवी मोकळा. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले, रोज हजारोंनी माणसं उतरू लागली, पूल तोच, जिना तोच. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक जिन्यात थांबले, चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं मेली. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबरला, जवळच कमला मिलच्या आवारातल्या पबला आग लागली, १४ गेले. महापालिकेच्या एक-तृतीयांश वाट्यात मैदानं आणि बागा यायच्या होत्या, मोकळी जागा राहायची होती, ती राहिली नाही, त्याची ही किंमत आहे. मरणारे गिरणी कामगार नव्हते. तुमच्यासारखे ऑफिसला निघालेले लोक होते.

आता आमच्या बाजूचं उणं. ते न सांगता मालकांवर बोट रोखणं मला जमत नाही आणि डाव्या मंडळींना हे ऐकायला आवडत नाही, म्हणून जरा जास्तच सांगतो.

गिरणीत सगळ्यात जास्त पगार विणखात्यात. त्या खात्यात दलित कामगाराला प्रवेश नव्हता. कारण ऐकून ठेवा: कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या, भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसरा कामगार तोंडाला लावणार. म्हणून विटाळ. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती, मराठा आणि इतर सवर्ण कामगारांनी चालवलेली होती. १९२८ चा सहा महिन्यांचा तो मोठा संप, ज्यातून लाल बावटा गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न टाकला: तुमच्या एकजुटीत आमचे लोक कुठे आहेत? मागणी यादीत नाइलाजाने घेतली गेली. पुढच्या वर्षीच्या संपाला त्यांनी विरोध केला, तेव्हा कम्युनिस्टांनी त्यांना काय काय म्हटलं ते आज वाचवत नाही. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर उतरले, गिरणगाव बंद पडलं. ती युती टिकली असती तर महाराष्ट्राचं राजकारण वेगळं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं. टिकली नाही. त्यात जास्त दोष आमचा.

बायकांचंही तसंच. वीसच्या दशकात गिरण्यांमध्ये साधारण पाचावा हिस्सा बायकांचा होता, वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत. यंत्रं बदलली, रातपाळीची बंदी आली, बाळंतपणाची रजा द्यावी लागेल म्हणून भरती थांबली आणि ऐंशीपर्यंत त्या नावापुरत्या उरल्या. त्यांच्यासाठी मुंबई बंद झाल्याचं मला आठवत नाही. संपाच्या काळात घरं चालवली ती मात्र खानावळी आणि धुणीभांडी करून बायकांनीच. आणि आणीबाणी? भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला होता. त्या पक्षाच्या झेंड्याखाली वाढलेले कामगार पुढे एका एकांड्या डॉक्टरकडे का गेले, याचं थोडं उत्तर तिथेही आहे.

पण 'युनियन म्हणजे परदेशी विचार' हे जे आता नव्याने बोललं जातं, ते मात्र साफ खोटं. मुंबईत गिरणी कामगारांना संघटित करायची सुरुवात नारायण मेघाजी लोखंड्यांनी केली. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. रशियात क्रांती व्हायला अजून तीस वर्षं होती. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. तुमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी 'हॅपी वीकेंड' म्हणतात ना, त्यातला रविवार एका सत्यशोधकाने मागून घेतलेला आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक 'कडव्या डाव्या' संघटनांच्या नावाने मंजूर केलं, तेव्हा विधानसभेत उघड विरोधात उभे राहिले ते डहाणूचे माकप आमदार, एकटे विनोद निकोले. बाकीचा विरोधी पक्ष त्या दिवशी कुठे होता, हे त्या पक्षांनाच विचारा.

राहिल्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कायद्यांच्या जागी चार लागू झाल्या. तुम्ही एचआरला आहात, मजकूर तुमच्या टेबलावर असेल. मला त्यात तीन गोष्टी दिसतात. कारखाना बंद करायला किंवा कामगार कमी करायला सरकारची परवानगी आधी शंभर कामगारांपासून लागायची, ती आता तीनशेपासून. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत, आणि निम्म्या लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. आणि मुदतीची नेमणूक, म्हणजे फिक्स्ड टर्म. तिच्यात ग्रॅच्युइटी वर्षभरात मिळते, हे चांगलंच आहे, मी नाकारत नाही. पण मुदत संपली की तुमच्या पोर्टलवर 'रिन्यू' होणार की नाही हे ठरवतं कोण? पहाटेच्या गेटवरचं ते बोट मला तिथे दिसतं. भोंग्याऐवजी ईमेल येतो, इतकाच फरक. याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे नऊ तास बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली, आठवड्याचे तास तेच ठेवून. भिवंडीच्या मागावर बारा तास होतेच, आता त्यांना मंत्रिमंडळाचीही मंजुरी मिळाली.

युनियनच्या मान्यतेसाठी संहितेत ५१ टक्के आहेत. बीआयआरच्या पंचवीसपेक्षा हे बरं दिसतं. पण आकडा किती यापेक्षा मोजणी कशी, हे मी चाळीस वर्षं बघत आलोय. तुमच्या कंपनीत वेळ आली तर रजिस्टर मागू नका, मतपेटी मागा. एचआरकडून अशी अपेक्षा करणं जरा भाबडेपणाचं आहे, तरी सांगून ठेवतो.

शेवटी तुमच्या घरातलं एक काम. आजोबांचे कागद शोधा. ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, तिकीट नंबर असलेला कुठलाही पास, पगाराची पावती, काहीही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले आहेत. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, पुढे थोडी थोडी, आणि आता म्हाताऱ्यांना मुंबईबाहेर दूर शेलू आणि वांगणी दाखवतात, ज्यांनी आयुष्य लालबागेत काढलं त्यांना. ते नको म्हणून ऐंशीच्या घरातली माणसं आझाद मैदानात येऊन बसतात. अर्ज राहिला असेल तर वारस म्हणून चौकशी करा, केला असेल तर पात्रतेत नाव आहे का बघा. पात्रतेची अट वाचताना तारीख नीट पाहा. सरकारने धरलेली तारीख १ जानेवारी १९८२ आहे, म्हणजे संपाच्या सतरा दिवस आधीची. त्या दिवशी जो हजेरीपटावर होता तो कामगार, पुढे तो संपावर गेला असो वा नसो. घरात जे संपावर बोलत असतात त्यांना ती ओळ एकदा वाचून दाखवा, आणि मग आजोबांची पत्र्याची पेटी उघडा. त्या काळच्या माणसांचे कागद बहुतेक तिथेच असतात, देवाच्या फोटोमागे नाहीतर पेटीच्या तळाच्या वर्तमानपत्राखाली.